बी.कॉम.नंतर एमबीए: बेळगावातून पीजीसीईटी द्यावी की महाराष्ट्राची सीईटी?

टिळकवाडीचे पालक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बेळगावातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम आणि पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी माध्यमातून वाणिज्य शाखा असे तिचे शिक्षण झाले असून, आतापर्यंतच्या पाच सत्रांची सरासरी ६८ टक्क्यांच्या आसपास आहे. तिला एमबीए करायचे आहे आणि त्यावरून गेले दोन महिने आमच्या घरात खल चालला आहे. कोल्हापूरला दिलेली माझी बहीण म्हणते, "तिकडची सीईटी देऊ दे, राहायला मी आहे." आमच्या गल्लीतील एका क्लासचे चालक म्हणतात, परीक्षेच्या भानगडीत पडूच नका, मॅनेजमेंटची जागा मिळवून देतो. मुलीच्या मैत्रिणी बंगळूरशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. मी कापडाच्या दुकानात आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे यांपैकी कोणाचे खरे मानावे हे मला उमगत नाही.

माझ्या शंका तीन आहेत. आम्ही मराठा समाजाचे, म्हणजे इथल्या मागासवर्गीयांच्या यादीत ३ब. त्याचा उपयोग दोन्हीकडे होतो का? बेळगावची मुलगी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत परराज्यातील धरली जाते की नाही? आणि तिसरी शंका मुलीची स्वतःची आहे: मराठी माध्यमात पाया झालेल्या विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमात नेमके काय जड जाते?

मलप्रभाकाठ

दादा, मी प्रवेशाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे पालक सर्वांत आधी महाविद्यालय कोणते हे विचारतात. सीमाभागातील विद्यार्थ्याने मात्र त्याआधी कागदावर आपण कोणत्या राज्याचे उमेदवार ठरतो, हे पाहिले पाहिजे. हुशार मुलांच्या जागा गुणांवाचून गेलेल्या मी फार थोड्या पाहिल्या. एका दाखल्यावाचून गेलेल्या पुष्कळ पाहिल्या.

प्रथम कर्नाटकचे. पीजीसीईटी ही परीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला केईए म्हणतो ते, घेते. एमबीएची प्रश्नपत्रिका १०० प्रश्नांची असते, वेळ दोन तासांचा आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी, सामान्य ज्ञान, तर्कशक्ती आणि अंकगणिती क्षमता असे तिचे भाग आहेत. पात्रतेसाठी किमान तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदवी आणि त्यात सरासरी ५० टक्के गुण लागतात. राज्यातील अनुसूचित जाती, जमाती आणि प्रवर्ग १ साठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. येथे ३ब वाल्यांची एक गैरसमजूत नेहमी होते. तुमचे आरक्षण जागावाटपात धरले जाते, पण पात्रतेच्या टक्केवारीत सूट नसते, म्हणजे ५० टक्के हवेतच. तुमच्या मुलीला ती अडचण नाही.

सरकारी जागेसाठी कर्नाटकात किमान ७ शैक्षणिक वर्षे शिकल्याचा पुरावा मागतात. त्यासाठीचे अभ्यास प्रमाणपत्र शाळेने देऊन भागत नाही, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी लागते. ३ब साठी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, फॉर्म एफ, म्हणजे जात व उत्पन्नाचे प्रमाणपत्र काढावे लागते आणि त्यावरचा आरडी क्रमांक अर्जात जसाच्या तसा भरावा लागतो. हा क्रमांक चुकला की आरक्षण गेले आणि मुलगी सर्वसाधारण यादीत गेली, असे समजा. पडताळणीच्या दिवशी हात जोडून काही होत नाही.

आता महाराष्ट्राचे. तिकडची एमबीए सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीला गुण कापत नाहीत. त्यांतले ७५ प्रश्न तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे असतात. परीक्षा अनेक पाळ्यांत होत असल्यामुळे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो.

आणि तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर: नाही, बेळगावचा मराठी विद्यार्थी तिकडे सरसकट परराज्यातील धरला जात नाही. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार केले असून त्यांतला टाइप ई हा वादग्रस्त सीमाभागातील, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी आहे. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर दावा सांगते त्यांत बेळगाव शहर येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात: आपण सीमाभागातले आहोत हे आणि आपली मातृभाषा मराठी आहे हे. या दोन्ही दाखल्यांचे ठरावीक नमुने माहितीपुस्तिकेच्या शेवटी दिलेले असतात. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेला दाखला चालत नाही.

मात्र ३ब चा दाखला कर्नाटकापुरता आहे. तो दाखवून महाराष्ट्रात एसईबीसी किंवा ओबीसी म्हणून जागा मागता येत नाही, त्यामुळे तिकडे मुलगी खुल्या गटातच स्पर्धा करेल असे धरून चाला. थोडक्यात, इकडे आरक्षण आहे आणि तिकडे उमेदवारी आहे. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही परीक्षा द्याव्यात, कारण तयारी बरीचशी एकच आहे. कागदांच्या मात्र आजच दोन वेगळ्या फाइली करा.

निपाणीचा बीकॉम

मलप्रभाकाठ सरांना एक प्रश्न. आमच्या निपाणीकरांचे त्रांगडे आणखी वेगळे आहे. माझे घर निपाणीत, शाळा निपाणीत, पण पदवी देवचंद महाविद्यालयातून. हे महाविद्यालय अर्जुननगरला आहे, म्हणजे गावाला चिकटून असले तरी जिल्हा कोल्हापूर आणि विद्यापीठ शिवाजी. मी रोज सायकलवरून राज्याची सीमा ओलांडून शिकलो आणि संध्याकाळी परत आलो. माझा जन्मही आजोळी, गडहिंग्लजला झाला आहे. मग मी नेमका कोण?

मलप्रभाकाठ

तुमच्यासारखे उमेदवार दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात आणि प्रत्येक जण असाच डोक्याला हात लावून बसलेला असतो. प्रत्यक्षात तुमची बाजू इतरांपेक्षा भक्कम आहे. महाराष्ट्राच्या टाइप ए मध्ये महाराष्ट्रात झालेले शिक्षण आणि त्याच्या जोडीला महाराष्ट्रातला जन्म किंवा डोमिसाइल, अशी जोडी मागितलेली असते. जन्म गडहिंग्लजचा असेल तर तिथल्या नगरपालिकेचा जन्मदाखला आधी हातात घ्या. आजोळचे बाळंतपण असे कामाला येते. शिक्षणाच्या अटीत कोणकोणत्या परीक्षा धरल्या आहेत हे मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा, कारण दहावीची परीक्षा तुम्ही कर्नाटक मंडळाची दिलेली आहे. ती जोडी जुळली नाही तर टाइप ई चा रस्ता आहेच.

केईएकडे तुमची पहिली ते दहावी ही वर्षे निपाणीतली असल्यामुळे सात वर्षांचा हिशेब सहज बसतो. तरीही तेथे नुसती वर्षांची संख्या पाहत नाहीत, कोणती परीक्षा कोठून उत्तीर्ण झाली हेही पाहतात, म्हणून पात्रतेची कलमे एकेक करून वाचा आणि आपण ज्या कलमात बसतो त्याचेच अक्षर अर्जात भरा.

जाता जाता, वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट: आपल्याला जसा टाइप ई, तसे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज या बाजूच्या कन्नड मातृभाषकांसाठी कर्नाटकाने 'गडिनाडू' नावाचे कलम ठेवले आहे. सीमेच्या दोन्ही अंगांना मुले सारखेच दाखले गोळा करत फिरत असतात. आणखी एक गैरसमज याच ओघात दूर करतो. राज्यघटनेच्या ३७१ (जे) या कलमाखालचे आरक्षण बीदर, कलबुर्गी या कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी आहे. भालकीच्या मराठी मुलाला ते मिळू शकते, बेळगावच्या किंवा खानापूरच्या नाही. दर वर्षी कोणीतरी तो रकाना भरून अर्जाचा घोळ करून ठेवतो.

जुनी विद्यार्थिनी

काका, तुमच्या मुलीच्या शंकेवर मी लिहिते, कारण मी खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची, त्यातून बी.एस्सी. झालेली आणि पीजीसीईटीतून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, म्हणजे व्हीटीयूच्या, बेळगावातील संलग्न महाविद्यालयात एमबीए केलेली आहे.

पहिली दोन सत्रे सर्वांना सारखीच असतात. व्यवस्थापनाची तत्त्वे आणि संघटनात्मक वर्तन, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, लेखांकन, संख्याशास्त्र, विपणन, व्यवसाय संज्ञापन हे पहिल्या टप्प्यात येते, त्यानंतर मनुष्यबळ व्यवस्थापन, वित्तीय व्यवस्थापन, संशोधन पद्धती, डावपेचात्मक व्यवस्थापन, उद्योजकता. तिसऱ्या सत्रापासून विशेष विषय निवडायचे, आणि त्यात वित्त, विपणन, मनुष्यबळ यांपैकी दोन गट घेता येतात. तुमची मुलगी बी.कॉम. असल्यामुळे लेखांकनाच्या तासाला ती निवांत बसेल. आम्ही बी.एस्सी. आणि बी.ए. वाले पहिले दोन महिने डेबिट कोणते आणि क्रेडिट कोणते यातच बुडालो होतो. उलट संख्याशास्त्रात गृहीतक चाचणी आणि समाश्रयण सुरू झाले तेव्हा बी.कॉम. च्या मैत्रिणी माझ्या खोलीवर येऊ लागल्या. हा हिशेब शेवटी फिटतो.

जड जाते ते वेगळेच. व्हीटीयूमध्ये निम्मे गुण अंतर्गत आणि निम्मे विद्यापीठाच्या परीक्षेचे असतात. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत २० गुणांचे आठ प्रश्न, प्रत्येकाचे ३, ७ आणि १० गुणांचे तुकडे, त्यांतले पाच सोडवायचे, आणि आठवा प्रश्न सक्तीचा. हा आठवा प्रश्न म्हणजे केस स्टडी. एखाद्या कंपनीची गोष्ट पाऊण पानात दिलेली असते आणि खाली विचारलेले असते की तुम्ही व्यवस्थापक असता तर काय केले असते. ३ गुणांची व्याख्या पाठ करून लिहिता येते. ७ गुणांचे टिपण आदल्या रात्री वाचून निभते. केस स्टडीचे तसे होत नाही. तेथे स्वतःचे मत, स्वतःच्या इंग्रजीत, कारणांसह आणि वेळेत लिहावे लागते, आणि आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची गाडी नेमकी तेथे अडते. मला उत्तर ठाऊक असायचे. ते मनात मराठीत तयार असायचे. कागदावर येईपर्यंत त्याचे दोन ओळींचे काहीतरी झालेले असायचे. पहिल्या सत्रात त्या एका सवयीपायी माझे तीन विषयांत गुण गेले. दुसऱ्या सत्रापासून मी एक उपाय केला. जुन्या प्रश्नपत्रिकांतील केस रोज एक घ्यायची, आधी मराठीत चार मुद्दे लिहायचे आणि मग त्याच चार मुद्द्यांची इंग्रजी वाक्ये करायची, छोटी, एकेका क्रियापदाची. दोन महिन्यांनी मधली मराठी पायरी आपोआप गळून पडली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार आठवड्यांचा संस्था-अभ्यास आणि शेवटी सहा आठवड्यांचा प्रकल्प. बहुतेक मुले हे काम उरकण्यापुरते करतात. वरच्या वर्गातल्या कोणाचा तरी अहवाल आणायचा, त्यातले मॅकिन्झीच्या ७-एसचे तेच सात चौकोन आणि स्वॉटचा तोच तक्ता घ्यायचा, कंपनीचे नाव बदलायचे आणि बाइंडिंगला द्यायचा. मीही कदाचित तेच केले असते, पण मी उद्यमबागेतील एका छोट्या फाउंड्रीत गेले आणि तिथल्या वयस्क हिशेबनिसांनी मला पहिल्याच दिवशी विचारले, "बाई, तुम्हाला फोटो काढायचे आहेत की वही बघायची आहे?" मी वही म्हणाले. त्यांनी उधारीची वही पुढ्यात टाकली.

त्या वहीत मला खेळत्या भांडवलाचे चक्र पहिल्यांदा दिसले. कच्चे लोखंड आणि भंगार आणल्यापासून भट्टीत जाईपर्यंत सरासरी २० दिवस, ओतकाम, घासकाम आणि तयार माल पडून राहण्याचे १५ दिवस, आणि माल कोल्हापूर-पुण्याकडे गेल्यावर पैसे यायला ७५ दिवस. हे झाले ११० दिवस. भंगारवाला ३० दिवस थांबत होता, म्हणजे उरलेले ८० दिवस मालकाने स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर काढायचे. रोजचा खर्च साधारण लाखाचा धरला तरी ८० लाख रुपये कायम अडकून पडलेले, आणि वीजबिल मात्र महिन्याच्या महिन्याला. वर्गात हे सूत्र फळ्यावर एका ओळीत लिहिलेले होते आणि मी ते उतरूनही घेतले होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की हे ७५ दिवस कोठून आणले. मी चौदा ग्राहकांच्या बिलांच्या आणि वसुलीच्या तारखा पुढे ठेवल्या. पुढचे प्रश्न त्यांनी त्या फाउंड्रीबद्दलच विचारले, पुस्तकातले एकही विचारले नाही.

तेव्हा काका, मुलीला सांगा की प्रकल्पासाठी बंगळूरला धावू नये. उद्यमबागेतील फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीचे विमानभागांचे उद्योग, चिकोडी भागातील साखर कारखाने, निपाणीचा तंबाखू, शहापूरचे माग: वही उघडून दाखवणारा माणूस इथे ओळखीने मिळतो. तुमचे तर स्वतःचे दुकान आहे.

चोर्लामार्गे

मी थोडे विरुद्ध मत मांडतो आणि ते कडू वाटले तर क्षमस्व. पदवीचा निकाल लागला की त्याच जूनमध्ये एमबीएला बसवायचे, ही घाई कशासाठी? नोकरीचा अनुभव नसलेल्या मुलाला वर्गात सांगितलेले निम्मे कळत नाही, हे वरच्या ताईंच्या अनुभवातूनच दिसते. त्यांना खेळते भांडवल कारखान्यात गेल्यावर समजले. मी दोन वर्षे एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम केले, मग कॅट आणि झॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा दिल्या आणि चोर्ला घाट उतरून साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये गेलो. बेळगावच्या मुलांना बंगळूर जवळचे वाटते आणि घाटाखालची ही संस्था दिसत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

कॅटमध्ये तीन भाग आणि प्रत्येकाला ४० मिनिटे असतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की १ गुण कापला जातो, म्हणून पीजीसीईटीची सवय घेऊन कोणी तेथे सगळे गोळे रंगवू नयेत. अशा संस्थांत मिळणारी पीजीडीएम ही पदविका की पदवी, या वादातही पडू नये. विद्यापीठाशी संलग्न नसलेली संस्था पदवी देऊ शकत नाही, म्हणून ती पीजीडीएम देते. आयआयएम सुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत होत्या. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का आणि पदविकेला समकक्षता आहे का, एवढे पाहिले की पुरे.

खर्च मात्र मोठा आहे, हे मान्य. शैक्षणिक कर्जात बँका ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि ७.५ लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेखाली विनातारण देता येते. त्यापुढे बहुतेक वेळा घरासारख्या मालमत्तेचे कागद काढावे लागतात. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याजाचे मीटर आधीपासून चालू असते, हे सही करताना कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

जुनी विद्यार्थिनी

चोर्लामार्गे दादा, तुमचे म्हणणे मुलांच्या बाबतीत पूर्ण पटते. मुलींच्या बाबतीत मात्र आमच्याकडे "दोन वर्षे नोकरी कर, मग बघू" या वाक्याचा अर्थ पुष्कळदा "मग स्थळ बघू" असा होतो. मी त्याच जूनमध्ये प्रवेश घेतला नसता तर आज हे लिहायला येथे नसते. काकांच्या घरी तसे नसेल, पण प्रत्येक घराचे पंचांग वेगळे असते.

चोर्लामार्गे

ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. मान्य आहे.

वाणिज्याचा शिक्षक

परीक्षेच्या तयारीवर कोणी लिहिले नाही, म्हणून चार ओळी. पीजीसीईटी आणि महाराष्ट्राची सीईटी या दोन्हींत चुकीला शिक्षा नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे खरे. पण महाराष्ट्राच्या परीक्षेत एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात आणि पीजीसीईटीत ७२. हा फरक हातात बसवावा लागतो. माझे विद्यार्थी पीजीसीईटीच्या वेगाने तिकडे बसले आणि त्यांचे पन्नास-साठ प्रश्न वाचायचेच राहिले, असे मी पाहिले आहे. आकृत्यांचे २५ प्रश्न फक्त तिकडे असतात आणि सामान्य ज्ञान फक्त इकडे. बाकीचा अभ्यास सामाईक आहे.

इंग्रजीसाठी व्याकरणाची जाड पुस्तके विकत आणण्याआधी एक साधी गोष्ट करावी. सकाळी 'तरुण भारत'मध्ये अर्थकारणाची एखादी बातमी वाचावी आणि तीच बातमी एखाद्या इंग्रजी दैनिकात शोधून वाचावी. मजकूर ओळखीचा असल्यामुळे शब्द अंगावर येत नाहीत. रेपो दर, वित्तीय तूट, येणी, घसारा हे शब्द दोन्ही भाषांत समोरासमोर लिहिलेली एक वही माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर ठेवली होती. पुढे मुलाखतीच्या दिवशी तिने बाकी काही वाचले नाही, ती वही तेवढी चाळली.

एमबीए कोठे करावे यावर एवढेच सांगतो की घरून ये-जा करायची असेल तर व्हीटीयूशी संलग्न महाविद्यालये आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाचा विभाग शहराच्या आवाक्यात आहेत. थोडे बाहेर पडायचे असेल तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठाची कौसाळी संस्था आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ किंवा १९७६ पासून चालणारी, आता स्वायत्त झालेली सायबर संस्था आहे. संस्था पाहायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. ग्रंथालयात बसून मागील वर्षाचे दहा प्रकल्प अहवाल मागवा आणि चाळा. त्यांतले सहा एकसारखे निघाले तर तेथे कोण किती शिकवतो हे समजते.

मलप्रभाकाठ

सरांनी चांगले सुचवले. मी पसंतीक्रमाबद्दल एक पुरवणी जोडतो. केईएच्या जागावाटपानंतर चार पर्याय येतात. पहिला म्हणजे मिळालेली जागा मान्य, शुल्क भरून रुजू. दुसरा म्हणजे जागा मान्य, पण पुढच्या फेरीत वरची मिळाली तर हवी. तिसरा म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत पाहू. चौथा म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. दुसरा आणि तिसरा यांत मुले गोंधळतात आणि हातची जागा सोडून बसतात. यादी भरताना जेथे खरोखर जायचे नाही असे महाविद्यालय "असू दे शेवटी" म्हणून घालू नये, कारण नेमके तेच मिळते आणि मग शुल्क भरायचे की सोडायचे, यावर घरात रात्र जागावी लागते.

आणि मॅनेजमेंटच्या जागेबद्दल. केमॅटसारखी परीक्षा देऊन खासगी महाविद्यालयात सरळ मार्गाने प्रवेश घेता येतो, त्यात वावगे काही नाही. "परीक्षेची गरजच नाही" असे म्हणणारा मध्यस्थ मात्र कशाचे पैसे मागतो आहे, हे त्यालाच विचारून पाहा.

टिळकवाडीचे पालक (धागाकर्ता)

मंडळी, तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. आपण सर्वांनी परक्याच्या मुलीसाठी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

मलप्रभाकाठ सरांच्या सांगण्याप्रमाणे दोन फाइली केल्या आणि पहिल्याच फाइलीत ठेच लागली. मातृभाषेचा दाखला आणायला मुलीच्या माध्यमिक शाळेत गेलो. कारकुनांनी नोंदवही काढली, बोट फिरवत मुलीच्या नावापर्यंत आले आणि थांबले. मातृभाषेच्या रकान्यात 'कन्नड' असे लिहिलेले होते. त्या पानावर वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे तेच होते. कोणीतरी पहिल्या नावापुढे लिहून खाली नुसत्या टिंबांच्या रेघा ओढल्या होत्या. मराठी माध्यमाच्या तुकडीचे पान, आणि आठ-नऊ वर्षांत ते कोणी पाहिले नव्हते. माझा पारा चढला होता. मुख्याध्यापिका बाई मात्र शांतपणे म्हणाल्या की प्राथमिक शाळेच्या नोंदवहीचा उतारा आणा, त्यात मराठी असेल तर आधार मिळतो. सुदैवाने पहिलीच्या नोंदीत गुरुजींनी ठसठशीत अक्षरांत मराठी लिहिले होते. त्या उताऱ्यावरून दुरुस्ती झाली, शेजारी तांबड्या शाईने तारीख आणि सही पडली, आणि विहित नमुन्यातला दाखला काल हाती आला. याच पानावर नाव असलेल्या आणखी दोन मुलांच्या घरी मी निरोप दिला आहे. ज्यांची मुले अजून पीयूसीत आहेत त्यांनी तो रकाना आत्ताच पाहून यावे.

बीईओ कार्यालयात प्रतिस्वाक्षरीसाठी कागद दिले आहेत. फॉर्म एफसाठी सोमवारी नाडकचेरीत जायचे आहे. मुलगी दोन्ही परीक्षा देणार आहे. बहिणीला तसे कळवले. जुन्या विद्यार्थिनी ताईंचे लिखाण वाचल्यापासून ती रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी येऊन बसते आणि माझी उधारीची वही मागते. परवा तिने हिशेब करून सांगितले की लग्नसराईचा माल आणल्यापासून पैसे हातात येईपर्यंत मला १३० दिवस लागतात. मी म्हणालो, छे, एवढे नसतील. तिने चौदा नाही, बावीस गिऱ्हाइकांच्या तारखा काढून दाखवल्या. त्यात पहिले नाव माझ्या सख्ख्या मेहुण्याचे होते.

निपाणीचा बीकॉम

काका, त्यांच्याकडून वसुली झाली का?

टिळकवाडीचे पालक (धागाकर्ता)

अजून नाही.